जुन्या स्कोअरबुकाच्या पानावरून आजोबा कोणते आणि बाकीचे पाटील आमचे कोण, हे कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की, घरातील जुन्या ट्रंकेत १९६२ सालच्या उन्हाळ्यातील एका गावसामन्याचे पान सापडले, त्यातील आपल्या गावच्या अकरा नावांत सात पाटील आहेत, आणि त्यांपैकी आजोबा कोणते व उरलेल्यांशी आपले नाते काय, हे शोधायचे आहे. मी करवीर तालुक्यातील भोगावतीकाठच्या एका गावचा. माझ्या चुलत्यांनी जपलेल्या अशा तीन वह्या माझ्याकडे आहेत आणि त्यांतील नावांचा माग काढण्यात माझी काही वर्षे गेली आहेत. त्यावरून पहिली गोष्ट सांगतो, ती ही की आजोबांना केवळ त्यांच्या स्वतःच्या गावच्या संघात शोधू नका. पानावर समोरचा संघही असेल, तोही तितक्याच बारकाईने वाचा.

आमच्या भागात सामने ठरत ते बहुधा सोयरिकीच्या वाटेने. परगावी खेळायला जायचे म्हणजे अकरा माणसांची दुपारच्या जेवणाची सोय लागे, आणि ती सोय तिथे दिलेल्या लेकीच्या किंवा तिथून आणलेल्या सुनेच्या घरीच होई. शिवाय सामने व्हायचे पिके निघून रान मोकळे झाल्यावर, म्हणजे नेमके शाळांच्या सुटीत, जेव्हा भाचे मामाच्या गावी मुक्कामाला असत. त्यामुळे ‘गावचेच खेळाडू’ अशी अट असली तरी भाचा आणि जावई यांना कोणी परका म्हणत नसे. आमच्या एका वहीत अकराव्या नावाच्या जागी जांभळ्या पेन्सिलीने नुसते ‘पाहुणा’ लिहिले आहे, त्याच्यापुढे १४ धावा आहेत आणि पाणी सांडून तो सगळा कोपरा जांभळा झाला आहे. हा पाहुणा कोण, हे मला दोन वर्षे कळले नाही. शेवटी नव्वदीच्या घरातील आत्याला पान वाचून दाखवले, तेव्हा ती चटकन म्हणाली, “त्यो व्हय? आमच्या धाकटीचा दाल्ला. पयल्या दिवाळसणाला आलता, त्यो यात्रा झाल्याबिगर गेलाच न्हाई.” त्या दोन वाक्यांवरून मला लग्नाचे साल मिळाले, जे कुठल्याही कागदावर नव्हते.

आता नावांकडे वळू. छापील स्कोअरबुके इंग्रजीत असल्यामुळे नावेही बऱ्याचदा इंग्रजी आद्याक्षरांत लिहिली जात, आणि तिथेच घोटाळा होतो. दुसरे अक्षर वडिलांचे, म्हणून दुसरे अक्षर सारखे असले की माणसे सख्खे भाऊ मानण्याचा मोह होतो. कोल्हापूरचेच ठळक उदाहरण घ्या. १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकर धावफलकात ‘बी. बी.’ म्हणून येतात. त्यांचे थोरले बंधू रावसाहेब, तेही प्रथम श्रेणीचे खेळाडू, ‘आर. बी.’ म्हणून. इथपर्यंत तर्क बरोबर चालतो, कारण दोघांचे वडील बाबासाहेब. पण पुढे ‘एस. बी.’ निंबाळकर दिसले की तेही तिसरे बंधू असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ते भाऊसाहेबांचे चिरंजीव सूर्याजी, आणि तो ‘बी’ बाबासाहेबांचा नसून भाऊसाहेबांचा. देवनागरीत ‘बा.’ आणि ‘भा.’ लिहिले असते तर ही चूक झालीच नसती. एवढ्या नामांकित घराण्याच्या बाबतीत असे होत असेल, तर आपल्या सात पाटलांचे काय होईल याची कल्पना करा.

दुसरी अडचण अशी की, घरात सर्वांना आण्णा, आप्पा, तात्या, बापू एवढ्याच नावांनी ओळखले जाते आणि पानावर मात्र शाळेतले नाव असते. हे दोन्ही जोडणारा कागद म्हणजे प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख एका ओळीत मिळते. गुरुजींनी अंदाजाने घातलेली जन्मतारीख मात्र फार मनावर घेऊ नका. आमच्या शाळेत निम्मा गाव एक जूनला जन्मलेला आहे. त्यापुढे फेरफारातील वारसनोंदी पाहा. जमीन ज्याच्या नावे होती त्याच्या निधनानंतर मुलगे, मुली व विधवा पत्नी यांची नावे तिथे लागतात आणि भावकीची एक अख्खी पिढी समोर येते. जुन्या नोंदी मोडीत असतील, तर वाचणारा माणूस सोबत न्या.

आपल्या घरी हेळवी येत असतील, तर त्यांना मुळीच चुकवू नका. पूर्वी बैलावर बसून दारात येणारे आणि घराण्याची वंशावळ पिढ्यान् पिढ्या सांगणारे हे लोक आपल्या चोपडीत मुलांची नावे क्रमाने लावून ठेवतात. आमच्या हेळव्याने एका बैठकीत सहा पिढ्या वाचल्या. लेकींची सासरे मात्र त्याच्या चोपडीत नव्हती, आणि संघातले जावई व भाचे तर लेकींच्याच बाजूचे. तेवढ्यासाठी आत्या आणि आज्ज्या यांना पर्याय नाही. पुरुष मंडळी धावा सांगतात, नाती सांगत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पान वाचताना गडी कोणत्या धावसंख्येवर बाद झाले, तो रकाना सोडू नका. नुसत्या धावा फसवतात. शेजारच्या सांगलीच्या विजय हजारे यांनी १९४३ साली मुंबईतील पाच संघांच्या ‘पंचरंगी’ स्पर्धेच्या सामन्यात ३०९ धावा केल्या, त्याच डावात त्यांचे बंधू विवेक यांच्या नावावर फक्त २१ आहेत. पण त्या दोघांची भागीदारी ३०० धावांची होती. “दोघा भावांनी सामना वाचवला” अशी काही आठवण आपल्या घरात असेल, तर कोण कोणासोबत उभा असताना किती धावा झाल्या हे त्या रकान्यावरून पडताळता येते, आणि मग सातांपैकी दोन पाटील निश्चित होतात.

आपण टाकलेल्या छायाचित्रात पानाची एकच बाजू आहे. मागची बाजू आधी पाहा. आमच्या वह्यांत तिथे वर्गणी लिहिलेली आहे, आणि वर्गणी घरवार असल्यामुळे नावापुढे ‘वरचा वाडा’, ‘विहिरीजवळचे’, ‘मळ्यातले’ असे शेरे आहेत, जे पुढच्या बाजूला एकाही पाटलाच्या नावाशी नाहीत.