आई-वडिलांना घेऊन दक्षिणेत सहा दिवस कुठे जावं? : तंजावरला जा, आणि तिथेच राहा

तुम्ही विचारलंय की आई-वडील दोघेही पासष्टीच्या पुढचे आहेत, आईचे गुडघे दुखतात आणि जानेवारीत सहा दिवस सुट्टी मिळते आहे. मदुराई-रामेश्वर-कन्याकुमारीच्या टूरचं पत्रक हातात आहे, पण मन होत नाही. निवांत राहता येईल असं एखादं शहर कोणी सुचवेल का?

तंजावर सुचवतो. सहाच्या सहा दिवस. त्यातले चार तंजावरात काढा आणि दोन कुंभकोणमला.

तुमच्यासारखंच पत्रक बघून २०१४च्या मे महिन्यात मी आई-बाबांना घेऊन गेलो होतो, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय. सहा दिवसांत सात गावं. बसने आम्हाला तंजावरच्या मोठ्या देवळासमोर पावणेबाराला सोडलं. साडेबाराला देऊळ बंद होतं, ते थेट चारला उघडतं. मे महिन्यातली भर दुपार, अनवाणी पाय आणि खाली तापलेला दगड. आई सावलीच्या एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर धावत होती. पाऊण तासात दर्शन, एक फोटो आणि परत बस. घरी आल्यावर बाबांच्या वाचनात आलं की त्याच देवळाच्या भिंतीवर मराठीत भोसले घराण्याचा अख्खा इतिहास कोरलेला आहे. बाबा चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. आपण त्या भिंतीजवळून गेलो आणि आपल्याला कोणी सांगितलंही नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की पुढे कितीतरी दिवस ते मधूनच तो विषय काढायचे.

२०१९च्या जानेवारीत पुन्हा गेलो. या वेळी टूर नाही, आम्ही तिघंच.

बृहदीश्वराचं हे देऊळ राजराज चोळाने बांधलं, १०१० साली पूर्ण झालं. गावात त्याला ‘पेरिय कोविल’ म्हणजे मोठं देऊळ म्हणतात. रिक्षावाल्याला एवढे दोनच शब्द सांगितले तरी पुरतात. सकाळी सहाला दार उघडतं. साडेसहाला आत शिरलात तर दगड गार असतो, आवार जवळजवळ मोकळं असतं आणि सुमारे दोनशे फूट उंच विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरावर, खालून वर ऊन चढत नाही, तर वरून खाली उतरत येतं. आधी कळस पिवळा होतो, मग एकेक मजला. हे बघायला आम्ही चारही दिवस सकाळी गेलो. आईला गुडघ्यांचा त्रास नव्हता असं नाही, पण आवार सपाट आहे, चढ-उतार फार नाही आणि भोवतीच्या ओवऱ्यांमध्ये वाटेल तितका वेळ बसता येतं. या देवळाची सावली जमिनीवर पडत नाही असं तुम्हाला तिथे कोणीतरी नक्की सांगेल. सावली पडते. आम्ही संध्याकाळी त्याच सावलीत बसून शेंगदाणे खाल्ले.

आता त्या भिंतीबद्दल.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे तिकडचे एकोजी, यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथपासून १८५५पर्यंत, जवळजवळ १८० वर्षं, तिथे भोसल्यांची गादी होती. त्यातले दुसरे सरफोजी राजे १७९८ला गादीवर आले. वर्षभरातच कारभार इंग्रजांच्या हाती गेला, राजांकडे किल्ला आणि मान तेवढा उरला. त्यांनी १८०३ साली आपल्या घराण्याची बखर देवळाच्या आवाराच्या भिंतीवर कोरून घेतली. मजकूर त्यांच्या दरबारातल्या बाबूराव चिटणीसांचा. तो आवाराच्या नैऋत्य अंगाला आहे. देऊळ डाव्या हाताने फिरत गेलात की मागच्या कोपऱ्याकडे सापडतो. पाटी शोधत बसू नका, सरळ देवनागरी अक्षरं शोधा.

बाबांनी चष्मा पुसला, भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे राहिले आणि पहिल्या इयत्तेतलं पोर वाचतं तसं एकेक अक्षर लावत वाचायला लागले. अक्षरं उथळ आहेत, समोरून उजेड पडला की दिसत नाहीत. मी मोबाइलचा दिवा भिंतीला लावून तिरका धरला, तेव्हा प्रत्येक काना-मात्रेला बारीक सावली आली आणि ओळ उठून दिसली. भाषा दरबारी, फारसी शब्दांची, शिवाय दोनशे वर्षांपूर्वीची. बाबा अडखळत होते, मागे जात होते. मग ‘शहाजी’ हा शब्द लागला आणि ते थांबले. मागे वळून आईला म्हणाले, “अगं, इकडे ये, हे बघ, हे आपलं आहे.” आई आली, तिनेही तो शब्द वाचला. दोन तास आम्ही त्या भिंतीपाशी होतो आणि भिंत काही संपली नाही.

एवढ्यासाठी मी तंजावर सुचवतो. बाकीची ठिकाणंही सुंदरच आहेत, पण आपल्या घरापासून हजार-बाराशे किलोमीटरवर, तमिळ मुलखात, एखाद्या भव्य जागी आपल्याला आपल्या भाषेत वाचता येतं, असं दुसरं गाव मला माहीत नाही. आणि ते वाचायला वेळ लागतो, पाऊण तासात होत नाही.

त्याच देवळाच्या जोत्यावर राजराजाच्या काळचे तमिळ लेखही आहेत. कुठल्या देवाला किती वजनाचा दागिना दिला, कुठल्या गावातून किती भात यायचं, एवढंच नाही तर देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं, त्या कुठून आल्या आणि त्यांना कुठल्या रांगेतलं कितवं घर दिलं, हे सगळं दगडात आहे. आपल्याला ते वाचता येत नाही. म्हणून तासाभरासाठी सरकारमान्य गाइड घ्या आणि त्याला नेमकं हेच दाखवायला सांगा, चमत्काराच्या गोष्टी नकोत म्हणावं.

दुसरा अख्खा दिवस राजवाड्याला द्या. मूळ वाडा नायकांचा, म्हणजे मराठ्यांच्या आधीच्या राजांचा, पुढे मराठ्यांनी वाढवलेला. बाहेरून पडका वाटतो, त्यावरून ठरवू नका. आतल्या कलादालनात चोळांच्या काळातल्या कांस्यमूर्ती आहेत. त्यात तिरुवेंकाडूहून आलेले, नंदीला टेकून उभे असलेले शंकर शोधा. मूर्ती १०११च्या सुमाराची. गंमत अशी की नंदी आता तिथे नाही. देवाचा हात कोपरात वाकून हवेतच टेकलेला आहे, पाय सैल दुमडलेले, जटा फेट्यासारख्या गुंडाळलेल्या. नंदी नसतानाही त्याचं अंग आपल्याला जाणवतं, इतका तो हात खरा आहे. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. ती म्हणाली, बैलाच्या पाठीवर हात टाकून गप्पा मारणारा माणूस असाच उभा राहतो. ती शेतकऱ्याच्या घरातली, तिला ते कोणी सांगावं लागलं नाही.

वाड्यातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ताडपत्रं, संस्कृत-तमिळ-तेलुगू पोथ्या, सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखितं आणि मोडीतले दरबारी कागद. मुख्य संग्रह अभ्यासकांसाठी असतो, आपल्याला एक छोटं प्रदर्शन बघायला मिळतं, पण तेही डावलू नका. सरफोजी राजे डोळ्यांवर उपचार करवत आणि प्रत्येक रोग्याची चित्रासकट नोंद ठेवत. तसले कागद या संग्रहात आहेत. त्यांच्या आधीचे शहाजी राजे (व्यंकोजींचे चिरंजीव, १६८४ला गादीवर आले) स्वतः नाटकं लिहायचे. त्यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतलं सर्वांत जुनं नाटक मानलं जातं. सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ १८४३ला झालं, त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी! शाळेत आम्हाला हे कोणी शिकवलं नाही. बाबा म्हणाले, मीही शिकवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिरुवैयारूला जा, तेरा किलोमीटर आहे. कावेरीच्या काठावर कर्नाटक संगीतातले थोर संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. जानेवारीत, पौष वद्य पंचमीला तिथे आराधना असते आणि शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. तुमच्या तारखा जुळल्या तर भाग्य. नाही जुळल्या तरी घाटावर बसा, आणि गावातला अशोका हलवा खा. हा मुगाच्या डाळीचा, तुपाने ओथंबलेला असतो. आईने पहिल्या घासात डाळ ओळखली आणि दुकानदाराला खुणांनी विचारून कृतीही घेतली.

शेवटचे दोन दिवस कुंभकोणमला. चाळीस किलोमीटर, बसने दीड तास. अलीकडेच दारासुरमचं ऐरावतेश्वर देऊळ लागतं. तंजावरच्या मानाने लहान, पण कोरीव काम बोटभर मापाचं आणि गर्दी जवळजवळ नाही. स्वामीमलईला मूर्तिकारांचे कारखाने आहेत, तिथे गेलात तर घाई करू नका. आम्ही बघितलं ते असं: एक कारागीर नारळाच्या झावळीची पट्टी घेऊन ती घड्या घालत दुमडत होता. मूर्तीची उंची किती, चेहरा केवढा, नाक केवढं, हे सगळं माप त्या घड्यांवरून निघतं, फूटपट्टी नाही. मग मेण आणि राळेची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीचा गाळ लिंपतात. तो इतका बारीक असतो की मेणावरची नखाची रेघही साच्यात उतरते. साचा तापवला की मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती मिळत नाही, म्हणून प्रत्येक मूर्ती एकच. बाबांनी तो गाळ चिमटीत धरून बघितला, दळलेल्या पिठासारखा होता.

तुमच्या आईंना भजनाची आवड असेल तर कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे. तिथे तमिळ मंडळी मराठी अभंग गातात. तंजावरच्या दरबारामुळे आणि इकडून गेलेल्या कीर्तनकारांमुळे अभंग, ओवी, साकी, दिंडी ही सगळी तिकडच्या हरिकथेत मिसळून गेली आहे. उच्चार वेगळे, ‘ळ’ मात्र आपल्याहून ठसठशीत. आई पहिल्या कडव्याला ऐकत राहिली, दुसऱ्याला टाळ्या वाजवायला लागली आणि तिसऱ्याला मोठ्याने गायला लागली. शेजारच्या बाईंनी तिचा हात धरला. दोघींना एकमेकींचं एक वाक्य कळत नव्हतं.

रोजच्या गोष्टी. हिंदी फारशी चालत नाही, मोडकं इंग्रजी आणि खुणा चालतात, लोक मदत करायला खूप पुढे येतात. जेवण केळीच्या पानावर, भात मुख्य. पोळीवाचून अडत असेल तर घरून दशम्या न्या, पण चौथ्या दिवशी आई स्वतःच दहीभात मागायला लागली. कुंभकोणमला सकाळी इडलीबरोबर कडप्पा मागा, तो बटाटा आणि मुगडाळीचा पातळ रस्सा असतो. वर पितळी भांड्यातली डिग्री कॉफी. देवळात मोजे घालून फिरता येतं, दुपारी बाहेर पडायचंच असेल तर आईंसाठी जाड मोजे ठेवा. खरं तर बारा ते चार खोलीवर झोप काढणं उत्तम, सहा दिवस एका भागात राहण्याचा हाच फायदा.

जायला चेन्नईपर्यंत विमान किंवा रेल्वे, तिथून एग्मोर स्टेशनवरून रात्रीची गाडी, सकाळी तंजावर. त्रिची विमानतळही साठेक किलोमीटरवर आहे. रामेश्वर या खेपेला सोडा असंच मी म्हणेन. बावीस कुंडांची स्नानं, ओले कपडे आणि रांगा यांत आईंच्या गुडघ्यांचे हाल होतील. तिथे जायचंच असेल तर ती यात्रा वेगळी करा, तिला तिचे दिवस द्या.

आणि तारखा ठरवताना पोंगल बघा. मकर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिकडे माट्टु पोंगल, म्हणजे गुराढोरांचा सण, आपल्या पोळ्यासारखाच. त्या दिवशी मोठ्या देवळातल्या त्या प्रचंड दगडी नंदीला भाज्या, फळं आणि मिठाईने मढवतात. वांगी, भोपळे, केळ्यांचे घड, लाडू, सगळं त्याच्या अंगावर. आम्ही दोन दिवस उशिरा पोहोचलो आणि आईला ते बघायचं राहून गेलं. तुमच्या सुट्टीत तो दिवस बसत असेल तर खोली आत्ताच घेऊन ठेवा, कारण त्या आठवड्यात गावात जागा मिळत नाही.