तुम्ही विचारलंत, चित्रकार अँजेला त्रिंदाद यांची चित्रं कुठे पाहता येतील? आणि वडील चित्रकार नसते तर त्यांचं नाव झालं असतं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पणजीला फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे त्रिंदाद बापलेकीचा संग्रह आहे. जाण्याआधी फोन करून सध्या काय मांडलंय ते विचारा.

दुसरा प्रश्न वाचून मात्र तिडीक उठली. हाच प्रश्न मी आमच्या घरात वीस वर्षं ऐकलाय, आत्याबद्दल.

कुडाळजवळ आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. आधी आजोबांची, मग काकांची. नागपंचमीच्या सुमाराला लोक आपापले पाट आणून द्यायचे, ऐंशीएक तरी. माती मळायला, रंग द्यायला सगळं घर असायचं, पण डोळ्यांची आखणी काकांचीच, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मी सहावीत असताना काकांचा हात थरथरायला लागला. त्या वर्षापासून डोळे आत्या आखायची. रात्री जेवणं उरकल्यावर, शाळेचं दार आतून लावून. बॅटरी धरायला मी.

ती कोपर गुडघ्यावर टेकवायची आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरायची. दोन-चार केसांची कुंचली काळ्या रंगात बुडवून आधी स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवायची, जादा रंग तिथे उतरला की मग मूर्तीकडे वळायची. वरची पापणी एका दमात. दुसरा डोळा पुरा होईपर्यंत श्वास सोडायची नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक मूर्ती न्यायला यायचे, काकांना म्हणायचे, "काय डोळे आखल्यात, बघताच आसा!" आत्या त्यांना चहा आणून द्यायची. कपबशी धरलेल्या हाताचं नख काळं असायचं. मला ते दिसायचं, दुसऱ्या कुणालाच कसं दिसायचं नाही हे मला अजून कळलेलं नाही.

मूर्तीवर कोणी सही करत नाही, हे मान्य. पण गावच्या नाटकाचा जंगलाचा पडदा? सरस शिजवून, रंग कालवून तिने तो पंधरा दिवस अंगणात रंगवला, आणि खालच्या कोपऱ्यात काकांचं नाव आलं. मी तेव्हा कॉलेजात होते, सरळ विचारलं. काका म्हणाले, "मी शिकवलंय तिका. माझो हात तोच तिचो हात."

तुमचा प्रश्न नेमका तिथेच जातो.

अँतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०-१९३५) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. त्यांच्या हाताखालून कितीतरी मुलगे गेले. त्यातल्या एकाबद्दल तरी कोणी विचारतं का, की हे मास्तर नसते तर तुझं काय झालं असतं? अँजेला (१९०९-१९८०) त्याच जे. जे.त शिकल्या. वडिलांना 'पूर्वेचा रेम्ब्रांट' म्हणतात, कारण तैलरंगातली पाश्चात्त्य धाटणीची व्यक्तिचित्रं ही त्यांची ताकद. मुलगी त्याच वाटेवर थांबली असती तर तुमच्या शंकेला निदान जागा होती. पण त्यांनी साडी नेसलेली मेरी रंगवली, भारतीय रेषेत ख्रिस्ती विषय आणले, आणि पुढे त्रिकोणांवर उभी अमूर्त शैली काढली. तिला नाव दिलं त्रिंदादिझम. पोर्तुगीजमध्ये त्रिंदाद म्हणजे पवित्र त्रैक्य: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एक देव. वडिलांकडून आलेलं आडनाव उचलून तिने त्याचा आकार केला! माझ्या मते याहून मोठं उत्तर कोणी देऊ शकत नाही.

मुंबईच्या अंबिका धुरंधरही (१९१२-२००९) तशाच. १९३१ मध्ये जे. जे.ची पदविका, 'माझी स्मरणचित्रे' हे आत्मचरित्र, आणि तरी ओळख काय, तर चित्रकार रावबहादूर धुरंधरांची कन्या.

तेव्हा कुठे लिहिणार-बोलणार असाल तर वाक्याची सुरुवात 'यांची मुलगी' अशी करू नका. आधी चित्र सांगा, वर्ष सांगा, बाप तिसऱ्या ओळीत आला तरी चालतो. आणि घरात कोणी बाई काम करत असेल तर कोपऱ्यात तिचंच नाव लिहा, आजच लिहा. "ती काही मागत नाही" हे मला ऐकवू नका. आत्यानेही कधी मागितलं नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. त्या काळात मुलीला चित्रकलेचं शिक्षण मिळायला बहुतेक चित्रकाराच्याच घरात जन्म घ्यावा लागत होता, तेव्हा वडिलांचं ऋण खरंच आहे. काकांचंही आहे. दुसऱ्या कुठल्या शाळेत बाईला कुंचली धरू दिली असती, असं मला वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्याला पणजीला घेऊन गेले होते. गुडघे दुखतात, पायऱ्या चढायला वेळ लागला. अँजेलांनी काढलेल्या एका बाईच्या चेहऱ्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली, मग चष्मा काढून अगदी जवळ गेली. तिथल्या माणसाने मागे सरकायला सांगितलं. परतताना गाडीत बांद्यापर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "हिना डोळे शेवटाक काढल्यान. वरची रेघ एका दमात मारल्यान."