डब्ल्यूडब्ल्यूईचं आजचं ‘वर्ल्ड टॅग टीम’ (म्हणजे दोघा-दोघांच्या जोड्यांच्या कुस्तीचं) टायटल १९७१ पासूनचं तेच आहे का? त्याचा इतिहास काय?

नाही. १९७१ चा बेल्ट १६ ऑगस्ट २०१० ला कायमचा बंद झाला. आज ज्याला वर्ल्ड टॅग टीम चॅम्पियनशिप म्हणतात तो २००२ मध्ये स्मॅकडाउन या कंपनीच्या टीव्ही शोसाठी काढलेला दुसराच बेल्ट. त्याला हे जुनं नाव चिकटवलं २०२४ च्या एप्रिलमध्ये, रेसलमेनिया ४० (कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम) नंतर, आर-ट्रूथ आणि मिझ चॅम्पियन असताना.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण हा प्रश्न दिसल्यावर मला गप्प बसवेना. याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या मावसभावाचं वाजलंय, आणि ते अजून मिटलेलं नाही.

आधी सुरुवात सांगून टाकतो. तेव्हा कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ, मालक थोरले व्हिन्स मॅकमन, आणि धंदा सगळा न्यूयॉर्क आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात. जून १९७१ मध्ये ल्यूक ग्रॅहम आणि टार्झन टायलर हे पहिले चॅम्पियन झाले. कागदोपत्री त्यांनी न्यू ऑर्लिन्सला स्पर्धा जिंकली. न्यूयॉर्कच्या कंपनीची स्पर्धा तिकडे लुइझियानात कशाला भरेल, हे विचारायचं नाही. नवा बेल्ट काढला की तो लांब कुठून तरी जिंकून आणला म्हणायची पद्धतच होती. आठ वर्षांनी पॅट पॅटरसनने इंटरकॉन्टिनेंटल हा एकट्या पैलवानाचा बेल्ट रिओ द जानेरोच्या स्पर्धेत जिंकला म्हणून सांगितलं, आणि ती स्पर्धा तर झालीच नव्हती. असो. डिसेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्ल गॉच आणि रेने गुले यांनी बेल्ट घेतला आणि तिथून गाडी रुळावर आली. पुढे मिस्टर फुजी आणि प्रोफेसर टनाका. दोघंही जपानी म्हणून मिरवायचे, होते हवाईचे. समोरच्याच्या डोळ्यांत मीठ फेकून मॅच काढायचे. या जोडीने तीनदा बेल्ट घेतला. फुजीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. व्हॅलियंट ब्रदर्सनी १९७४-७५ मध्ये वर्षापेक्षा थोडा जास्त काळ बेल्ट सांभाळला. सत्तरच्या दशकातलं बाकीचं मी गाळतोय, कारण त्यात दर काही महिन्यांनी नवे खलनायक आणा आणि लाडक्या जोडीकडून पाडा, एवढंच आहे.

आता वाद. २०१६ च्या डिसेंबरअखेर आम्ही सगळे बार्शीजवळ मावशीच्या शेतात हुरड्याला जमलो होतो. नोटाबंदीचे दिवस, त्यामुळे पैज लावायची म्हटली तरी कुणाच्या खिशात सुटे नाहीत. आगटीभोवती बसलेलो, मावशी गरम कणसं चोळून ताटलीत टाकतेय, शेंगदाण्याची चटणी फिरतेय. मावसभाऊ समोर बसला आणि पहिली मूठ तोंडात टाकायच्या आधीच म्हणाला, “दादा, तुझं डिमॉलिशन गेलं की रे. चारशे त्र्याऐंशी!”

ज्यांना संदर्भ लागला नाही त्यांच्यासाठी: डिमॉलिशन म्हणजे अ‍ॅक्स आणि स्मॅश, तोंडाला रंग, अंगावर खिळे ठोकलेलं काळं चामडं. २७ मार्च १९८८ ते १८ जुलै १९८९, सलग ४७८ दिवस बेल्ट त्यांच्याकडे. सत्तावीस वर्षं हा आकडा कुणी मोडला नव्हता. मग न्यू डे आले. कोफी किंग्स्टन, बिग ई, झेवियर वूड्स. ऑगस्ट २०१५ च्या समरस्लॅममध्ये बेल्ट घेतला आणि १८ डिसेंबर २०१६ ला शेमस-सिझारोकडे गमावला. ४८३ दिवस. कंपनीने ढोल वाजवले, इतिहासातले सर्वांत मोठे चॅम्पियन वगैरे. मावसभाऊ तेच ढोल घेऊन शेतात आला होता.

मी म्हटलं, बेल्टच वेगळा आहे. डिमॉलिशनचा १९७१ चा, न्यू डेचा २००२ चा. वर ते तिघं. आज हे दोघं, उद्या ते दोघं. कुणाचा गुडघा दुखला तरी बेल्ट शाबूत. ही फ्रीबर्ड्सची सवलत. फॅब्युलस फ्रीबर्ड्स तिघं असायचे आणि तिघांपैकी कुणीही दोघं बेल्टसाठी लढायचे, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. पण तिघांनी आळीपाळीने काढलेले दिवस आणि दोघांनी रोज स्वतः उतरून काढलेले दिवस एकाच फूटपट्टीने कसे मोजायचे?

तो म्हणाला, “कंपनीच म्हणतेय ना विक्रम मोडला म्हणून?”

त्याच वर्षी त्यांच्या घरच्या जमिनीची वाटणी झाली होती, म्हणून मी त्याला त्याच्याच भाषेत विचारलं. आजोबांच्या गटाचा सातबारा बंद केला, आणि बांधापलीकडच्या गटाला कुणी आजोबांचं नाव लावलं, तर आजोबांनी खणलेली विहीर तिकडे सरकते का? सगळे हसले. तो सोडून.

मग आप्पा मध्ये पडले. आप्पा म्हणजे मावशीचे सासरे, तरुणपणी तालमीत राहिलेले, कोल्हापूरला खासबागेत जाऊन कुस्त्या बघितलेले. त्यांच्या लेखी आमचं सगळंच नुरा कुस्ती. “एका टायमाला एकच आत लढतोय, तर दुसरा दोरी धरून हुबा कशाला?” असं त्यांनी विचारलं. मला विचाराल तर टॅग टीमवरचा यापेक्षा चांगला प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही. त्या उभ्या राहण्यातच सगळी कला आहे. आतला मार खातोय, सरपटत कोपऱ्याकडे येतोय, हात पुढे करतोय, बोटं पोचायला एवढंसं अंतर उरलंय, आणि मागून त्याचा पाय धरून ओढून नेतात. बाहेरचा दोरीवरून पार आत झुकलाय. पब्लिक त्या बाहेरच्यासाठी ओरडत असतं. शेवटी हात लागतो आणि तो आत घुसतो. दोन पैलवानांच्या सरळ मॅचमध्ये ही आस लावताच येत नाही.

शब्दांनी आप्पांना पटेना म्हणून मोबाईल काढला. जिओ फुकट होतं, पण शेतात रेंज कुठली, व्हिडिओ अडकत अडकत चालला. रेसलमेनिया ४, अटलांटिक सिटी, डिमॉलिशन विरुद्ध स्ट्राइक फोर्स. स्ट्राइक फोर्सच्या रिक मार्टेलने स्मॅशला पालथा पाडून त्याचे दोन्ही पाय मागे वाकवून धरलेत, मॅच संपल्यात जमा. पंचाची पाठ वळलेली. अ‍ॅक्सच्या हातात काठी येते, ती मिस्टर फुजीची. तोच जुना मीठ फेकणारा फुजी, आता टोपी घालून डिमॉलिशनचा मॅनेजर. अ‍ॅक्स ती काठी मार्टेलच्या मानेत घालतो, स्मॅश अंगावर पडतो, एक-दोन-तीन, बेल्ट डिमॉलिशनचा.

आप्पांनी चष्मा वर केला. “आन् पंच कुटं बगतोय?”

“तिकडे, आप्पा.”

“मंग बराबर हाय. आमच्यात बी असाच असायचा.”

मावसभावाला मात्र फरक पडला नाही. काकांनी विषय बदलला तेव्हा कुठे आम्ही थांबलो. त्यानंतर दर लग्नात, दर बारशात तो मला लांबूनच बोटांनी चार, आठ, तीन करून दाखवतो.

आता मुद्द्याचं. हा १९७१ चा बेल्ट मला इतका का लागतो? त्याच्यापायी माणसांनी अंग मोडून घेतलंय म्हणून. १९८६ मध्ये ब्रिटिश बुलडॉग्ज, म्हणजे डायनामाइट किड आणि डेव्ही बॉय स्मिथ, रेसलमेनिया २ ला चॅम्पियन झाले. त्याच डिसेंबरात कॅनडातल्या हॅमिल्टनला डायनामाइटची पाठ गेली. ऑपरेशन झालं. पण बेल्ट त्यांच्याकडे, आणि तो रिंगमध्येच हरायचा असतो. म्हणून २६ जानेवारी १९८७ ला टॅम्पामध्ये तो आला. व्हिडिओ मिळाला तर बघा. धड चालता येत नाहीये, डेव्ही बॉयचा आधार घेत रिंगपर्यंत येतो. सुरुवातीलाच त्याला बाहेर पाडतात आणि पूर्ण मॅच तो खाली पडून असतो, कारण उठायची सोयच नाही. आत डेव्ही बॉय एकटा ब्रेट हार्ट आणि जिम नाइडहार्ट, म्हणजे हार्ट फाउंडेशन, या दोघांचा मार खातो आणि बेल्ट जातो. निकाल ठरलेला होता, हो. पाठ ठरवून मोडली नव्हती.

ही नोंदवही कंपनीनेच कशी खाल्लीय तेही ऐका. ऑक्टोबर १९९० मध्ये फोर्ट वेनला रॉकर्सनी, म्हणजे शॉन मायकल्स आणि मार्टी जॅनेटी यांनी, हार्ट फाउंडेशनकडून बेल्ट जिंकला. हजारो लोकांसमोर. मॅचमध्येच वरची दोरी तुटली, ते चित्रीकरण टीव्हीवर दाखवलंच नाही, बेल्ट मुकाट्याने परत हार्ट फाउंडेशनकडे. यादीत रॉकर्स नाहीत. तेव्हा “कंपनी म्हणते” हा पुरावा माझ्यासमोर कुणी आणू नये.

नव्वदीचं आणि त्यानंतरचं तुम्हाला माहीत असणार. आपल्याकडे केबलवर सगळ्यांनी तेच बघितलंय. हार्डी, डडली, एज-ख्रिश्चन या जोड्या. एप्रिल २००१ ला ह्यूस्टनमध्ये जेफ हार्डी वर टांगलेल्या बेल्टला लोंबकळतोय आणि एज शिडीवरून झेपावून त्याला हवेतच धडकतो, ते याच १९७१ च्या बेल्टसाठी. भारी होतं. पण शिड्या आल्या आणि कोपऱ्यात उभं राहायची कला गेली, असं माझं मत आहे. शिडीच्या मॅचमध्ये टॅग नसतोच, सगळे एकदम आत.

मग २००२. रॉ आणि स्मॅकडाउन हे कंपनीचे दोन शो वेगळे झाले, जुना बेल्ट रॉकडे गेला, म्हणून स्मॅकडाउनला नवा काढला. ऑक्टोबरात कर्ट अँगल आणि क्रिस बेन्वा यांनी एज आणि रे मिस्टेरिओला हरवून तो पहिल्यांदा घेतला. एप्रिल २००९ मध्ये कोलोन बंधूंनी मिझ-मॉरिसनला हरवून दोन्ही बेल्ट एकत्र आणले. केवढी मोठी मॅच, आणि ती रेसलमेनियाच्या मुख्य कार्यक्रमाआधीच उरकली. त्यानंतर एक ठेवून एक बंद करायचा होता. शहाण्या माणसाने एकोणचाळीस वर्षांचा ठेवला असता. यांनी आठ वर्षांचा ठेवला.

बंद करायचा तो दिवसही, १६ ऑगस्ट २०१०, कसा निवडलाय बघा. चॅम्पियन होते हार्ट डायनेस्टी. त्यातला एक डेव्हिड हार्ट स्मिथ, टॅम्पात मार खाल्लेल्या डेव्ही बॉयचा मुलगा. दुसरा टायसन किड. सोबत नटालिया, जिम नाइडहार्टची मुलगी. आणि नवे बेल्ट त्यांच्या हातात द्यायला ब्रेट हार्ट. ज्या घराण्याने हा बेल्ट वाढवला त्याच घराण्याच्या हातून तो संपवला, वर त्याला सन्मान म्हणायचं. नवे बेल्ट कसले, तांब्याच्या मोठ्या नाण्यासारखे. मला त्या दिवशी टीव्ही फोडावासा वाटला होता.

एवढ्यावर भागलं नाही. २०१६ मध्ये स्मॅकडाउनसाठी तिसरा बेल्ट निघाला. उसो बंधूंनी तो २०२१ ते २०२३ सलग ६२२ दिवस ठेवला. म्हणजे न्यू डेचा आकडाही गेलाच, पण परत वेगळ्या बेल्टवर. आता २००२ च्या बेल्टला वर्ल्ड टॅग टीम म्हणतात आणि २०१६ च्या बेल्टला डब्ल्यूडब्ल्यूई टॅग टीम, जे आधी २००२ च्या बेल्टचं नाव होतं. तुमचा गोंधळ झाला यात तुमचा काही दोष नाही.

तेव्हा कुठलाही आकडा वाचलात की आधी कुठल्या बेल्टचा ते बघा. १९७१ च्या बेल्टवर ४७८ च्या वर कुणी नाही, आणि आता कुणी जाऊही शकत नाही. मावसभाऊ, वाचतोयस ना?

बाकी, न्यू डेशी माझं वैर नाही. तिघंही गुणी आहेत, २०२२ मध्ये बिग ईची मान मोडली तेव्हा मलाही वाईट वाटलं. सवलत वापरून डिमॉलिशननेही १९९० मध्ये क्रश नावाचा तिसरा घेतला होता हे खरं आहे, पण ते ४७८ दिवस त्याच्या आधीचे. “हे सगळं खोटं असतं” अशी कमेंट टाकणाऱ्यांनी आप्पांशी बोलावं.

आणि बायकांच्या टॅग टायटलचं मी इथे धरलेलं नाही. १९८३ पासून तेही होतं. जंपिंग बॉम्ब एंजल्स या जपानी जोडीने १९८८ च्या रॉयल रंबलला ते जिंकलं, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने ते गुंडाळून टाकलं. २०१९ मध्ये साशा बँक्स आणि बेली यांना दिलेलं ते नवीन, जुन्याशी त्याचा संबंध नाही.