वाचकांचे प्रश्न : सीमेपलीकडचं यूपीआय

प्रश्न : आम्ही चौघं काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथला निघालो आहोत. तिथे यूपीआय चालतं असं ऐकलं. त्यासाठी काय करावं लागतं? – एक वाचक, सातारा

उत्तर : चालतं, पण आपोआप नाही. परदेशी व्यवहारांची सोय ॲपमध्ये मुळात बंद असते. ती घरूनच चालू करून निघा. प्रोफाइलमध्ये 'यूपीआय इंटरनॅशनल' हा पर्याय शोधा (काही ॲपमध्ये तो पेमेंट सेटिंग्जच्या पोटात असतो), बचत खातं निवडा आणि पिन टाका. तुमचं खातं यादीत दिसलंच नाही, तर तुमची बँक ही सोय देत नाही असं समजा आणि दुसऱ्या बँकेतलं खातं जोडा. ही परवानगी जास्तीत जास्त तीन महिन्यांची असते. मुदत संपली की ती बंद होते. देशातले व्यवहार मात्र चालूच राहतात.

चौघांपैकी निदान दोघांनी, वेगवेगळ्या बँकांच्या खात्यांवर ही तयारी ठेवावी. एका बँकेचा सर्व्हर झोपला तर जेवणाचं बिल अडत नाही. ॲप नव्याने घेतलं असेल, तर पहिल्या 24 तासांत साधारण 5,000 रुपयांचीच मर्यादा असते. म्हणून आदल्या रात्रीची घाई नको.

काठमांडूतल्या दुकानांत 'फोनपे'चा क्यूआर दिसेल. ही नेपाळची कंपनी आहे, आपल्याकडच्या त्याच उच्चाराच्या ॲपशी तिचा संबंध नाही. नेपाळमध्ये यूपीआय येतं ते याच कंपनीच्या जाळ्यातून, त्यामुळे तो कोड गूगल पे किंवा भीमनेही स्कॅन होऊ शकतो. शेजारी दुसऱ्या कुठल्या वॉलेटचा कोड चिकटवलेला असेल, तर आपलं ॲप तो नाकारण्याची शक्यता जास्त. पैसे फक्त नोंदणीकृत दुकानदाराला जातात. जीपवाल्याने स्वतःच्या खात्याचा कोड पुढे केला तर व्यवहार होणार नाही, आणि तो तुमच्या फोनचा दोष नाही.

हिशेब सोपा आहे : 1 भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये, हा दर 1993पासून बांधलेला आहे. 800 नेपाळी रुपयांच्या बिलाला आपले 500 पडायला हवेत. पिन टाकण्याआधी ॲप दोन्ही रकमा दाखवतं. आपली रक्कम 500च्या बरीच वर दिसली, तर फरक शुल्काचा आहे. तो मान्य नसेल तर तिथेच मागे फिरा.

पोखऱ्याच्या पुढे मात्र यूपीआयवर विसंबू नका. जोमसोम-मुक्तिनाथच्या वाटेवर नेटवर्क बेभरवशाचं आहे. जीप, मुक्काम, चहा-जेवण या सगळ्याला पुरतील एवढ्या नेपाळी नोटा पोखऱ्यातच घ्या.

प्रश्न : मुलाने दुबईत नवा फोन घेऊन दिला. त्यात यूपीआय सुरूच होत नाही, 'एसएमएस पाठवता आला नाही' असं येतं. – एक वाचक, सांगली

उत्तर : परदेशात यूपीआय अडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. यूपीआय नुसत्या नंबरावर चालत नाही. सिम, फोन आणि खातं या तिघांची गाठ मारलेली असते. नवा फोन दिसला की ॲप तुमच्या भारतीय सिममधून एक एसएमएस गुपचूप पाठवतं आणि गाठ पुन्हा मारतं. रोमिंग चालू नसेल, बाहेर जाणाऱ्या एसएमएसला पुरेसा बॅलन्स नसेल किंवा ड्युअल सिममध्ये एसएमएससाठी दुबईचं सिम निवडलेलं असेल, तर तो संदेश पोचतच नाही.

भारतीय सिम नव्या फोनमध्ये घाला, रोमिंग पॅक घ्या, एसएमएससाठी तेच सिम निवडा, वाय-फाय कॉलिंग बंद करा आणि मग प्रयत्न करा. तरीही जमलं नाही तर हट्ट नको, जुना फोन आणि त्यातलं ॲप अजून जागेवर असेल तर सिम परत त्यात टाका आणि परतेपर्यंत तोच वापरा. एकदा गाठ बसली की रोजच्या व्यवहाराला एसएमएस लागत नाही. इंटरनेट पुरतं, मग ते हॉटेलच्या वाय-फायचं असो की स्थानिक ई-सिमचं. भारतीय सिम मात्र फोनमधून काढू नका आणि परदेशात असताना ॲप उडवून पुन्हा टाकू नका.

आणखी एक : दुबईत बहुतेकदा काउंटरवर कोड चिकटवलेला नसतो, तो कार्ड मशीनच्या पडद्यावर उमटतो. रक्कम टाकण्याआधीच कॅशियरला 'यूपीआय' असं सांगा. पैसे कापले गेले आणि मशीनवर पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. ॲपमधला व्यवहार क्रमांक टिपून तिथूनच तक्रार नोंदवा.

प्रश्न : पॅरिसला यूपीआयवर भागेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. आयफेल टॉवरची तिकिटं फेब्रुवारी 2024पासून यूपीआयने काढता येतात, मोजकी मोठी दुकानंही ते घेतात. बाकी कार्डच. त्यावरचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी चालू करा.

प्रश्न : भाची ह्यूस्टनहून पुण्याला येते आहे, सोबत तिचा अमेरिकन नवरा. दोघांना यूपीआय मिळेल? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोघांचे मार्ग वेगळे. भाचीचं भारतात एनआरई किंवा एनआरओ (म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं) खातं असेल आणि त्याला तिचा अमेरिकन नंबर जोडलेला असेल, तर त्याच नंबरावर यूपीआय सुरू होऊ शकतं. जानेवारी 2023मध्ये दहा देशांच्या नंबरांना ही मुभा मिळाली, त्यांत अमेरिका आहे. बँक आणि ॲप दोन्हींची साथ हवी, म्हणून नोंदणी तिने ह्यूस्टनमध्येच उरकावी.

जावयांसाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' हे प्रीपेड वॉलेट आहे. त्याला भारतीय बँक खातं लागत नाही. अधिकृत कंपनीकडे पासपोर्ट आणि व्हिसा प्रत्यक्ष दाखवून ते उघडायचं आणि परकीय चलन देऊन त्यात रुपये भरायचे. त्यातून दुकानदारालाच पैसे देता येतात. तुमच्या खात्यावर पाठवता येणार नाहीत. उरलेली रक्कम परत कशी मिळते आणि त्यावर किती कापतात, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्या.