आईचे भरतकाम फ्रेम करताना चिकटवावे का?

आपल्या आईने मॅटी कापडावर क्रॉस स्टिचने भरलेला मोर फ्रेम करायचा आहे आणि दुकानदार तो हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवून वर थेट काच बसवू म्हणतो, ते योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. कृपया चिकटवू देऊ नका. माझ्या सासूबाईंनी भरलेला गणपती आम्ही तसाच करून घेतला होता. काही वर्षांत गोंद पिवळा पडून कापडातून वर उमटला, आणि आता कापड फाटल्याशिवाय ते बोर्डपासून सुटत नाही.

भरतकाम नेहमी बोर्डवर ताणून मागच्या बाजूने दोऱ्याने शिवून बसवावे. आम्लमुक्त (ॲसिड-फ्री) माउंटबोर्ड, म्हणजे चित्रामागे लावायचा जाड पुठ्ठा घ्यावा, कारण साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे सुती कापड तपकिरी व ठिसूळ होते. चारही बाजूंनी निदान दोन इंच कापड मागे वळेल एवढे राखावे. कडा कापून टाकू नयेत. प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे जात बोर्डच्या जाडीत टाचण्या टोचाव्यात आणि मॅटीचा एकच उभा-आडवा धागा कडेला समांतर राहतो ना, हे पुन्हा पुन्हा पाहावे; येथे घाई केली, तर मोर कायमचा तिरका दिसतो. मग बोर्ड पालथा घालून समोरासमोरच्या कडा मजबूत सुती दोऱ्याने नागमोडी ओवून ताणाव्यात, आधी उभ्या व नंतर आडव्या. हे काम घरी एका दुपारी होते आणि पुढे कधी उसवायचे झाल्यास नुसता दोरा कापला की पुरते.

त्याआधी धुणार असाल, तर ओल्या पांढऱ्या कापसाने प्रत्येक रंग मागच्या बाजूने टिपून पाहा. जुना लाल धागा बऱ्याचदा रंग सोडतो. रंग उतरला, तर धुऊ नका. इस्त्री टॉवेलवर पालथे ठेवूनच करावी.

काच जरूर लावा, पण ती टाक्यांना टेकता कामा नये. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरते आणि टेकलेल्या जागी बुरशी येते, म्हणून मध्ये माउंटची (आत खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याची) चौकट किंवा तीन-चार मिलिमीटरची पट्टी हवी. रंग उडू नयेत म्हणून संग्रहालयांत वस्त्रांवर साधारण 50 लक्स (प्रकाश मोजायचे एकक) इतकाच मंद प्रकाश ठेवतात. घरी एवढे काटेकोर राहणे कठीण असले, तरी खिडकीसमोरची आणि ओल येणारी भिंत तेवढी टाळावी. दुकानात मात्र शिवून तयार झालेला बोर्डच घेऊन जा आणि चौकट, पट्टी व काच एवढेच काम त्यांच्याकडून करून घ्या.