गोळी चालू, वजन वाढतंय, काय करू?

प्रश्न: माझ्या भावाला (वय २६) कानात आवाज यायचे, शेजारचे जेवणात काहीतरी घालतात म्हणून दोन दोन दिवस जेवायचा नाही. चार महिने झाले रात्री ओलांझापिन १० मिलिग्रॅम चालू आहे, आवाज थांबलेत, दुकानात पण बसतोय. पण वजन ११ किलो वाढलं, मध्यरात्री उठून भाकरीची बुट्टी उघडतो. लोक म्हणतात झोपेची गोळी आहे, सवय लागते. आई म्हणते बंद कर आता. – एक बहीण, निपाणी

उत्तर: ताई, आधी घरात सगळ्यांना सांगा, त्याला खादाड म्हणू नका, ती भूक गोळीची आहे. ही गोळी मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा जोर कमी करते म्हणून आवाज थांबतात, पण त्याचबरोबर हिस्टामिन या दुसऱ्या रसायनाचं काम पण अडवते, त्यानं झोप येते आणि भूक खवळते. झोपेची गोळी नाही ही, हिची नशेसारखी तलब पण लागत नाही. पण एकदम बंद केली तर झोप उडते, मळमळतं, आणि थोड्या दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, तेच आवाज परत येऊ शकतात, आणि तेव्हा घरच्यांना वाटतं गोळीशिवाय बरा होता की, आता काय झालं! म्हणून आईंना समजवा, स्वतःहून बंद नको.

पण ११ किलो म्हणजे गप्प बसायची गोष्ट नाही हो. डॉक्टरांना सरळ आकडा सांगा, उपाशीपोटी शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगा. डोस कमी करता येतो का, मेटफॉर्मिन (शुगरची गोळी, वजन आवरायला पण देतात) देता येईल का, की अरिपिप्राझोलसारखी वजन फारसं न वाढवणारी गोळी हळूहळू बदलून देता येईल, हे विचारा. खूप तहान आणि सारखी लघवी व्हायला लागली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बोलण्यात गोंधळ असं झालं तर त्याच वेळी दवाखान्यात न्या. रात्री बुट्टीशेजारी काकडी, ताक ठेवा, कुलूप लावू नका.

निपाणीचे आहात, तंबाखूचं गाव, म्हणून विचारते, भाऊ बिडी ओढतो का? धुरामुळं ही गोळी शरीरातून लवकर निघून जाते, बिडी एकदम सोडली की तोच डोस जास्त पडतो, दिवसभर पेंगायला लागेल. सोडतोय तर फार चांगलं, सोडू दे, फक्त आधी डॉक्टरांना कळवा. मधेच काही अडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोला नाहीतर कन्नडात. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना भावाला बाहेर बाकड्यावर बसवू नका, आत घेऊन जा, गोळी तो खातोय, त्यालाच बोलू दे.