सामाजिक संस्थांमुळे गावात खरंच फरक पडतो का, की नुसते फोटो? आणि साताऱ्यात स्वतःची संस्था काढायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

पडतो. पण ज्यांचे फोटो बघून तुम्ही हे विचारताय, त्यांच्यामुळे सहसा नाही.

मी सांगलीचा. एका लहानशा संस्थेचे हिशोब लिहितो, म्हणजे व्हाउचर, बँक, ऑडिट आणि धर्मादाय कार्यालयाच्या खेपा. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘पगार न घेता काम करणारे खरे समाजसेवक आता राहिलेत कुठं?’ तिथं माझं डोकं फिरलं, म्हणून हे उत्तर. हेच वाक्य आमचे दाजी मला दर दिवाळीत ऐकवतात. दाजी पुण्याला चांगल्या कंपनीत आहेत.

ऑगस्ट 2019 चा पूर आठवत असेल. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. ब्रह्मनाळला बोट उलटली, आणि सगळा महाराष्ट्र आमच्याकडं बघायला लागला. लोकांनी हात आखडता घेतला नाही, हे मान्यच. पण सगळे टेम्पो हमरस्त्यावरच्या गावात थांबायचे. तिथं घरात बिस्किटांचे पुडे ठेवायला जागा नाही, आणि आत मळ्यातल्या वस्तीवर कुणी फिरकलेलंही नाही. दाजींच्या सोसायटीनंही एक टेम्पो पाठवला, दोन्ही अंगाला बॅनर लावून. एका मंगल कार्यालयात तो उतरवून घ्यायला मी होतो. सगळे जुने कपडे. ब्लाउज नसलेल्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी, एक शेरवानी, आणि शाळेच्या गॅदरिंगचा परीचा ड्रेस, पंखांसकट. पाणी ओसरलेल्या घरातल्या बाईला लागतो परकर, पॅड, बादली, खराटा, फिनेल. यातलं एकाही गाठोड्यात काही नव्हतं. दाजींचा फोन मात्र आला, वाटपाचे फोटो पाठव म्हणून.

आमच्या संस्थेत एक ताई आहे, पगारी. तेव्हा मानधन महिना सात हजार, तेही अधूनमधून थकलेलं. व्हाउचर मीच करतो, त्यामुळं मला पक्कं माहीत. तिच्या स्वतःच्या घरात गुडघाभर गाळ. तिनं त्या कपड्यांच्या ढिगाकडं ढुंकूनही बघितलं नाही. दोनशे पानी वही घेतली आणि गल्लोगल्ली फिरायला लागली. रकाने तिनं स्वतःच आखलेले. घर कुणाच्या नावावर, राहतंय कोण, पंचनामा झाला का, रेशनकार्ड वाचलं की भिजलं, पासबुक कुठल्या बँकेचं, खातं चालू की बंद.

सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबामागं 10,000 रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केलं होतं, थोडं रोख आणि बाकीचं खात्यात. ऐकायला सोपं. पण घर मेलेल्या सासऱ्याच्या नावावर, चूल वेगळी केलेले दोघं भाऊ एकाच कार्डावर, सालगडी मालकाच्या खोलीत, कुणी नुसता भाडेकरू. यांची नावं यादीत येणार कशी? ताई एकेक नाव घेऊन तलाठ्याकडं, तिथून तहसीलला. साहेब मीटिंगला. परत उद्या. एका म्हातारीचे पैसे खात्यात आले, पण आयुष्यभर भांगलण करून तिच्या बोटांच्या रेघाच पुसलेल्या, मशीन अंगठा घेईना. ताई तिला घेऊन बँकेत ठाण मांडून बसली, मॅनेजर वैतागून कागदावर अंगठा घेऊन पैसे देईपर्यंत. टेम्पो केव्हाच परत गेले होते. गणपती बसले, उठले, दसरा झाला, वही चालूच.

त्या दिवाळीला दाजी म्हणाले, “तुमची ती बाई पगार घेते ना? मग केलं त्यात विशेष काय?” मी म्हटलं, “दाजी, पगार तुम्हीही घेता की.” बहीण वाढत होती म्हणून तेवढ्यावर गप्प बसलो. राहिलेलं इथं लिहितो.

दाजींचा हुकमी एक्का म्हणजे कर्मवीर अण्णा, भाऊराव पाटील. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात आणली. बोर्डिंगातल्या पोरांना धान्य नव्हतं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. साताऱ्यात वाढलेल्या कुणालाही हे तोंडपाठ असतं. पण ही गोष्ट सांगून जे कार्यकर्त्याचा पगार कापतात, त्यांचा मला संताप येतो. त्या माउलीवर मंगळसूत्र द्यायची वेळ आली, कारण ज्यांच्याकडं होतं त्यांनी वेळेवर दिलं नाही. आज त्याच गोष्टीवर डोळे पुसायचे आणि सात हजारवाल्या बाईला विचारायचं, पगार कशाला पाहिजे? रयतेतल्या मास्तरांनाही पगार मिळतो म्हणूनच त्या शाळा चालतात ना?

खरा नेता कुणाला म्हणायचं, हेही तुम्ही प्रश्नाखाली विचारलंय. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण सह्यांच्या जागी अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा जाऊन साहेबांसमोर बसल्या, आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. फेटाळलेला अर्ज घेऊन त्याच दारात पुन्हा जायचं, आणि जाताना ज्यांचं काम आहे त्यांनाच पुढं बसवायचं, एवढं जमणाऱ्याला मी नेता मानतो. बाकी हारतुरे कुणालाही मिळतात.

कंपन्यांचं तर वेगळंच. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायच्या पैशाच्या, नियमात कारभाराच्या खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला. पण एका कंपनीचा माणूस येऊन तीच आम्हाला लावून गेला. शिलाई मशीन घ्यायला पैसे देणार, शिकवणाऱ्या बाईचे देणार नाही. मशीन वाटली, फोटो झाला, आता ती प्लॅस्टिकच्या कव्हरात बसलीत.

आता हेही सांगायला पाहिजे की बोगस संस्था भरपूर आहेत. नवरा अध्यक्ष, बायको खजिनदार, मेहुणा सचिव आणि संस्थेच्या नावावर बोलेरो. तिथंही पगारच निघतात, त्यामुळं नुसता पगार आहे म्हणून संस्था चांगली असं मी म्हणत नाही. ऑडिट रिपोर्ट मागा. टाळाटाळ झाली तर चहा पिऊन उठा. पगार कुणाकुणाला जातो ते बघा, आणि कार्यक्रम नसलेल्या दिवशी न सांगता जा. शिवाय पुरातलं अनुदान सरकारचंच होतं, आम्ही फक्त राहिलेली नावं तिथवर नेली. तलाठीही सगळे वाईट नसतात. एकानं ताईची वही बघून रविवारी फेरपंचनामे केलेत.

संस्था काढायची म्हणताय, तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यानं नोंदणीला सात सभासद लागतात. ते मिळतील, सह्या द्यायला कुणी नाही म्हणत नाही. पण पुढं दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात तो बदल कळवायचा चेंज रिपोर्ट, ते करायला त्या सातांतला एकही सापडत नाही. माझं ऐकाल तर नवी काढू नका. साताऱ्यात चालू असलेली एखादी धरा, वर्षभर तिथं वह्या लिहा. पैसे द्यायचे असतील तर दरमहा पाचशे द्या आणि पावतीवर स्पष्ट लिहून घ्या, ‘कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी’. दाजींना मी हे दोनदा सांगून बघितलं. त्यांनी यंदा चादरी पाठवल्यात.